जिन्यातलं कपाट

माझ्याच स्टुडिओत, माझ्याच खुर्चीत बसलेली असताना मला पडद्यावरच्या एका चौकोनाने सांगावं की परवानगी नाही? मी तिथेच उठून उभी राहिले. उभं राहून काही होत नाही, पण बसून ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती.

झालं असं की सोमवारी सकाळी जुना कॉम्प्युटर गेला. आधी खुडबुडला, मग जळका वास आला आणि मग गप्प. दुरुस्तीवाल्याने झाकण उघडलं आणि डॉक्टर नातेवाइकांकडे बघतात तसं माझ्याकडे बघितलं. नशीब, डिस्क वाचली होती, म्हणजे काम शाबूत होतं. मी त्याच दिवशी नवीन कॉम्प्युटर आणला, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर चढवलं, मालिकेचा एक्केचाळिसावा भाग उघडला आणि सॉफ्टवेअर धाडकन बंद पडलं. परत उघडलं, परत धाडकन.

मालिका ऐकायची होती, बघायची नाही. एका दीपगृहात एकटी राहणारी रखवालदारीण आणि तिच्या मनातलं बोलणं. हे मनातलं बोलणं लांबून, उंचावरून घुमत आल्यासारखं ऐकू यायचं आणि लोकांना तेच आवडलं होतं. अठ्ठेचाळीस भागांपैकी चाळीस ऐकवून झाले होते. उरलेले आठ शुक्रवारी दुपारी दिग्दर्शकाच्या हातात द्यायचे होते. या दिग्दर्शकाला आम्ही सगळे पाठीमागे कानकोरणं म्हणतो. शेजारच्या खोलीत कुणी वहीचं पान उलटलं तरी हा माणूस रेकॉर्डिंग थांबवतो.

आता प्लगइन म्हणजे काय ते सांगते. सॉफ्टवेअरला वरून जोडायचं एक छोटं यंत्रच ते, फक्त हाताला न लागणारं. एक खरखर काढतं, एक दबलेला आवाज उचलतं, एक घुमारा चढवतं. सॉफ्टवेअरशी त्यांचं पटलं तर सोन्याहून पिवळं. नाही पटलं तर एका म्यानात दोन तलवारी. आणि कोणाचं कोणाशी बिनसलंय हे शोधायचा उपाय एकच, तोही महाकंटाळवाणा. सगळे प्लगइन बाहेर काढायचे आणि एकेक परत आत घ्यायचा. एक घेतला, भाग उघडला, पाच मिनिटं वाजवला, बंद केला. मग दुसरा. माझ्याकडे तेवीस होते. बावीस शहाण्या बाळासारखे चालले. तेविसावा आत घेतला तेव्हा मी डोळ्यांत तेल घालून बघत बसले, म्हणून बंद पडायच्या आधी क्षणभर आलेला चौकोन मला वाचता आला. 'या कॉम्प्युटरला परवानगी नाही. निर्मात्याशी संपर्क साधा.'

निर्माता म्हणजे माझा एकेकाळचा नवरा.

त्या प्लगइनचं नाव 'दालन'. त्याने लिहिलं, त्याने बारसं केलं, जगभर विकलं. चार वर्षांपूर्वी आम्ही वेगळे झालो तेव्हा स्टुडिओ माझ्या वाट्याला आला आणि दालन त्याच्या. मला वापरायची मुभा होती, पण त्याच एका कॉम्प्युटरवर. तेव्हा मी म्हटलं, कॉम्प्युटर काय कुठे पळून जातोय?

आणि माझा गाढवपणा इथेच संपत नाही. त्याचा एक नियम होता. घुमारा आवाजात पक्का मुरवून ठेवायचा नाही, प्लगइन जिवंत ठेवायचा, म्हणजे केव्हाही बदलता येतो. त्या आठही भागांचं काम माझ्याकडून महिनाभर आधीच झालं होतं. घुमारा पक्का करून ठेवला असता तर नुसत्या फायली उचलून द्यायच्या होत्या. पण मी नवरा सोडला, त्याचा नियम नाही सोडला. इतक्या वर्षांत एकदाही मनात आलं नाही की हा नियम कोणाच्या सोयीचा आहे.

मी त्याला फोन करणार नव्हतेच. त्यानेच केला. प्लगइन अडला की त्याला निरोप जातो म्हणे.

"अगं, एवढं काय त्यात? सांगायचं ना. देतो की परवानगी."

"बरं, दे."

"देतो. फक्त एक. ध्वनी म्हणून तुझं एकटीचं नाव येतं, ते जरा खटकतं गं. लोक ऐकतात तो घुमारा माझा आहे. पहिलं नाव माझं, मग तुझं. अठ्ठेचाळीसही भागांना. जुन्यांवरही बदलून घे."

अठ्ठेचाळीस भाग! रखवालदारणीचं बोलणं वाचणाऱ्या बाईंना सर्दी झाली होती तेव्हा तीन भाग मी एकेका शब्दातून नाक काढत साफ केले होते. समुद्राचा आवाज मिळवायला ताप असताना खडकावर बसले होते. लग्नाच्या सोळा वर्षांत त्याच्या नावामागे दुसरं नाव म्हणून राहिले ते पुरे झालं नाही वाटतं याला.

"अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं आहे होय?" मी म्हटलं. "अडलेय मी खरी. पण पाय धरणार नाही."

"शुक्रवारपर्यंत धरशील," तो म्हणाला. रागावलाही नाही मेला. तेच जास्त लागलं.

मंगळवारचा दिवस मी दुसरे घुमारे लावून बघण्यात घालवला. मोठ्या सभागृहाचा, गुहेचा, न्हाणीघराचा, बोगद्याचा. रखवालदारीण कधी भाषण करतेय असं वाटे, कधी अंघोळ करतेय असं. आधीच्या चाळीस भागांतून घुमारा काढून घ्यावा म्हटलं तर भाजीतलं मीठ काढून घेता येतं का? कानकोरण्याला चाचपून बघितलं. तो म्हणाला, "बाई, घुमारा बदलला तर मला कळेल. आणि मला कळलं तर उरलेले भाग आणि पुढची मालिका, दोन्ही दुसरीकडे. वाईट वाटून घेऊ नका." दुसरीकडे म्हणजे कुठे, हे त्याने सांगायची गरज नव्हती. ज्याचं दालन, त्याच्याकडे.

तर माझं नाव तरी जाणार किंवा काम तरी. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले आणि चिडून चिडून शेवटी मला रडूच आलं. रडताना नाक पुसायला रुमाल शोधला, तर पिशवीत मागच्या कुठल्याशा रेकॉर्डिंगचा एक फुगा निघाला.

फुगा!

दालन जन्माला आलं तेव्हा मी तिथे होते. नुसती तिथे नव्हते, फुगा माझ्या हातात होता. एखाद्या जागेचा घुमारा हवा असेल तर तिथे फट्टकन एक मोठा आवाज करायचा आणि त्यामागून भिंती जे बोलतात ते रेकॉर्ड करायचं. ते एकदा मिळालं की कुठल्याही आवाजाला ती जागा चढवता येते. लग्नाला महिनाही झाला नव्हता. सासूबाईंच्या चार मजली इमारतीच्या जिन्यात मी फुगा धरून उभी होते, हा खाली माईक लावून बसला होता आणि एक, दोन, तीन म्हटल्यावर मी टाचणी टोचली होती. दालन कसलं आणि काय, जिना तो!

बुधवारी दुपारी दोन वाजता मी माईक, रेकॉर्डर आणि फुग्यांचं पाकीट घेऊन त्या इमारतीखाली पोचले. मनात ठरवलं होतं, गपचूप चार फुगे फोडायचे आणि निघायचं. सासूबाई तिसऱ्या मजल्यावर. चार वर्षांत मी त्यांना एक फोन केला नव्हता. काय बोलायचं ते कळत नव्हतं, मग महिने गेले, मग लाज वाटायला लागली. लाजेचं असंच असतं, जितकी ठेवावी तितकी वाढते.

पहिला फुगा फोडला आणि चारही मजल्यांची दारं उघडली.

"कोण आहे? काय फुटलं?" वरून सासूबाईंचा आवाज आला. मग त्या कठड्यावरून वाकल्या. केस सगळे पांढरे झाले होते. माझ्याकडे बघत राहिल्या. मी हातात टाचणी घेऊन उभी.

"आई, मी आहे."

"ते दिसतंय. माझे डोळे चांगले आहेत. वर ये."

वर गेले. त्यांनी पाणी दिलं, समोर बसल्या आणि म्हणाल्या, "सोडचिठ्ठी तू त्याला दिलीस. मला कधी दिलीस?"

मी म्हटलं, "चुकलं माझं." आणि खरंच चुकलं होतं. मग मी सगळं सांगितलं. कॉम्प्युटर, दालन, त्याची अट, शुक्रवार.

"म्हणजे कॉम्प्युटर काय म्हणतो?" त्यांनी विचारलं.

"परवानगी नाही. निर्मात्याशी संपर्क साधा."

"निर्माता!" त्या इतक्या जोरात म्हणाल्या की मी दचकले. "त्या निर्मात्याला मी निर्माण केलाय. आणि हा जिना काय त्याच्या बापाचा आहे?" मग थांबल्या, जरा विचार केला. "बापाचा असला तर माझ्या नवऱ्याचा झाला. म्हणजे माझाच. ऊठ, फोड फुगे."

पण पहिल्या फुग्याचं रेकॉर्डिंग ऐकलं तर ते मऊ पडलेलं होतं, भिंतीला उशा लावल्यासारखं. तेव्हा इमारत नवीकोरी होती, निम्म्या घरांत कोणी राहायला आलं नव्हतं. आता प्रत्येक मजल्यावर चपलांची मांडणी, पायपुसणी, सायकली, कुणाची तरी गुंडाळलेली गादीसुद्धा. सासूबाई पदर खोचून निघाल्या. "दोन तासांसाठी सगळं आत घ्या. माझ्या सुनेचं काम आहे," असं त्या प्रत्येक दारात सांगत होत्या. सून म्हणाल्या, आधीची बिधीची काही नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या प्लंबरने सायकली आत नेल्या. चौथ्या मजल्यावरच्या बाई कुरकुरल्या, तर सासूबाई म्हणाल्या, "तुमचा पंप रात्रंदिवस घरघरतो तेव्हा मी बोलते का?" गादी लगेच आत गेली.

दुसरा फुगा. तिसरा. आता जिना बोलत होता, खणखणीत. मी पायरीवर बसून हेडफोनमध्ये चाळिसावा भाग आणि हे, आलटून पालटून ऐकत होते. जवळ आलं होतं, पण तेच नव्हतं. दालनात शेवटी एक बारीक झणकार होता, घंटा वाजून गेल्यावर मागे राहतो तसा. तो इथे नव्हताच. "नाही," मी पुटपुटले.

"काय नाही?" सासूबाई.

"शेवटी काहीतरी लोखंडी वाजायचं. तेव्हा जिन्यात काय होतं, आई?"

"काय असणार? भिंती आणि पायऱ्या. आणि तुझं ते कपाट."

मी हेडफोन काढले.

माझं कपाट. बाबांनी दिलेलं लोखंडी कपाट, रिकामं, दारातून आत जाईना म्हणून चार दिवस तिसऱ्या मजल्यावर जिन्यात उभं होतं. मग कोणीतरी शहाणा म्हणाला की कपाटाची दारं उतरवा, आणि ते आत गेलं. त्या चार दिवसांतच आम्ही फुगा फोडला होता. ज्या झणकारासाठी लोक दालन विकत घेत होते, तो माझ्या बाबांच्या कपाटाचा होता. सोळा वर्षं मी त्याला म्हणत आले, किती छान लिहिलंयस तू!

हसावं की डोकं आपटावं तेच कळेना. मी दोन्ही केलं नाही, स्क्रू ड्रायव्हर मागितला.

कपाट आतल्या खोलीत जागच्या जागी होतं. कुलपात किल्ली लटकत होती. उघडलं तर माझे कपडे, माझ्या जुन्या कॅसेटी, बाबांची पत्रं, जसंच्या तसं. मध्ये डांबराच्या गोळ्या मात्र ताज्या होत्या.

"तुझं आहे, म्हणून हात लावला नाही," सासूबाई म्हणाल्या. "कसर लागू नये एवढंच बघितलं."

मी सगळं काढून पलंगावर ठेवलं. वेळ लागला. प्लंबरने आणि मी दारं उतरवली, कपाट आडवं करून ढकलत बाहेर काढलं, जिन्यात उभं केलं, दारं परत बसवली. माझ्या हाताची दोन बोटं सोलली. सगळ्या मजल्यांवर माणसं श्वास रोखून उभी राहिली. मी फुगा फुगवला, टाचणी धरली आणि फोन वाजला.

साहेबच. मी स्पीकरवर टाकला, हात मोकळे नव्हते.

"मग? काय ठरलं?" तो म्हणाला. "उद्या सुट्टीवर चाललोय मी, नंतर मिळणार नाही."

"अरे, जरा गप्प बस," सासूबाई म्हणाल्या. "फुगा फुटायचाय."

"आई? तू तिकडे काय करतेस?"

"मी माझ्या घरी आहे. तू कुठे असतोस ते तू सांग. पण नंतर."

मी टाचणी टोचली.

आवाज खाली गेला, वर आला, भिंतीभिंतीला लागून फिरला आणि शेवटी कपाट वाजलं. बारीक, स्वच्छ, हवं तसं. फोन अजून चालूच होता. हा आवाज त्याच्याइतका कोण ओळखणार?

"अगं," तो म्हणाला, "हे तू... हे माझं आहे."

"जिना तुझ्या आईचा," मी म्हटलं. "कपाट माझ्या बाबांचं. फुगा तेव्हाही माझ्या हातात होता, आताही आहे. तुझं काय ते सांग."

"कोड माझा आहे!"

"तो ठेव की. लोणचं घाल त्याचं." आणि मी फोन बंद केला. प्लंबरने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्याही रेकॉर्ड झाल्या, नंतर कापून टाकायला लागल्या.

संध्याकाळी स्टुडिओत मी ते रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरबरोबर फुकट येणाऱ्या साध्या घुमाऱ्याच्या प्लगइनमध्ये घातलं. दालन डिस्कवरून पुसून टाकलं, कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी केली. मग सॉफ्टवेअर दहा वेळा उघडलं, दहा वेळा बंद केलं. दोन तास सलग वाजवत ठेवलं. कॉम्प्युटर हूं की चूं नाही. आणि गुरुवारी आठच्या आठ भागांत घुमारा पक्का मुरवून टाकला. उद्या हा कॉम्प्युटर नाल्यात पडला तरी माझं काम माझंच राहील. हा आता माझा नियम.

शुक्रवारी कानकोरणं आलं. चाळिसावा ऐकला, एक्केचाळिसावा ऐकला, डोळे मिटून, भुवया वर. मग परत ऐकला. मी टेबलाखाली सोललेली बोटं दाबत बसले होते.

"प्लगइन बदललात," तो म्हणाला.

खोटं बोलता आलं असतं. "बदलला," मी म्हटलं.

"जागा तीच आहे. पण शेवटी एक नवीन काहीतरी किणकिणतंय. आधी नव्हतं."

माझ्या लगेच लक्षात आलं. किल्ली. तेव्हा कपाट नवं होतं, किल्ली बाबांकडेच राहिली होती. आता ती कुलपात लटकत होती आणि फुग्याबरोबर तीही हलली.

"काढून टाकू?" मी माउसकडे हात नेला.

"हात लावू नका," कानकोरणं म्हणालं. "चाळीस भाग झाले, रखवालदारणीजवळ किल्ली कशी नाही, हे मला खटकत होतं. कशाने खटकतंय तेवढं कळत नव्हतं." आणि त्याने सही केली.

शेवटच्या भागाला नावं वाचली गेली. ध्वनी, माझं नाव, एकटीचं. त्याखाली मी एक ओळ घालून घेतली होती. जिना, आणि सासूबाईंचं नाव, पूर्ण, त्यांच्या वडिलांच्या आणि नवऱ्याच्या नावासकट, कारण त्यांना अर्धवट काही चालत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. आता रोजच येतो. "सगळ्यांनी ऐकलं. प्लंबर रुसलाय, त्याचं नाव नाही म्हणून."

"पुढच्या मालिकेत घालते. कपाट अडतंय का हो जिन्यात?"

"अडू दे. राहू दे तिथेच, तुला लागेल." मग त्या म्हणाल्या, "तो आला होता सकाळी."

"काय म्हणाला?"

"पाकीटभर फुगे घेऊन आला होता. म्हणे दालनाची नवी आवृत्ती काढायचीय, लोकांना ती किणकिण हवीय. मी कपाटापुढे जाऊन उभी राहिले."

"मग?"

"मग काय? म्हटलं, परवानगी नाही. मालकिणीशी संपर्क साधा."